घरातले दुखणे आणि काही थोर मज्जारोगतज्ज्ञ

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात झालेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने यंदा आम्हांस थोर मज्जारोगतज्ज्ञांच्या चरित्रांवर बोलण्याची आज्ञा केली. मज्जारोगतज्ज्ञ म्हणजे ज्यांना आपण नित्याच्या बोलण्यात न्यूरॉलॉजिस्ट म्हणतो ते. मेंदू, मज्जारज्जू आणि मज्जातंतू यांच्या रोगांचे वैद्य. विषय अफाट आहे. पक्षाघात, कंपवात, स्मृतिभ्रंश यांपैकी एकेका रोगामागे दहा-दहा चरित्रे उभी आहेत, आणि कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावाखाली लगेच भोजनाची वेळ छापलेली आहे. तेव्हा आम्ही एकच रोग निवडला आणि त्याच्या मागे लागलेल्या मोजक्या माणसांविषयीच बोलण्याचे ठरविले. हाच रोग का निवडला, ते ओघात येईल.

आपल्या घरांत ज्याचे नाव हलक्या आवाजात घेतले जाते, तो हा रोग. कोणी फेफरे म्हणतो, कोणी घुरे, कोणी मिरगी; लहान मुलास झाला तर आकडी; आणि सोयरिकीची बोलणी चालू असतील तर ‘तिला जरा चक्कर येते’ एवढेच. शास्त्रातले त्याचे नाव अपस्मार. चरकाने त्याचे वात, पित्त, कफ आणि सन्निपात असे चार प्रकार सांगितले आहेत. ग्रीकांकडेही हिपोक्रेटिसाच्या नावावर असलेल्या एका जुन्या ग्रंथात, हा रोग इतर रोगांहून अधिक दैवी नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे, असे निक्षून मांडले आहे. हे सारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. असे असूनही कांदा हुंगविणे, चप्पल नाकाशी धरणे, देवऋष्याकडे नेणे हे प्रकार आमच्या बाळपणी सर्रास चालत, आणि ते अगदी थांबले आहेत असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

मधल्या काळात युरोपातही याहून फारसे निराळे नव्हते. लंडनमध्ये १८६० साली क्वीन स्क्वेअर येथे पक्षाघाताच्या व अपस्माराच्या रोग्यांसाठी एक लहानसे रुग्णालय उघडले. त्यामागे कोणी राजा वा सरदार नव्हता. जोहाना आणि लुइसा चँडलर या दोन बहिणी व त्यांचा भाऊ एडवर्ड यांच्या आजीस पक्षाघात झाला, आणि अशा असाध्य रोग्यास कोठेच थारा नाही हे त्यांना उमगले. त्यातून त्यांनी वर्गणी गोळा करून हे काम उभे केले. पुढे जगातील मज्जारोगशास्त्राची जणू काशी ठरलेली ही जागा एका घरातल्या दुखण्यातून उभी राहिली, हे ध्यानात असू द्यावे. पुढील चरित्रांतही हे सूत्र पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

या रुग्णालयात १८६२ साली जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन रुजू झाले. जन्म १८३५ चा, यॉर्कशायर परगण्यातल्या एका खेड्यातला. शालेय शिक्षण बेताचेच. वैद्यकी सोडून तत्त्वज्ञानाच्या मागे लागण्याचा विचार तरुणपणी त्यांच्या मनात बळावला होता. जोनाथन हचिन्सन या मित्राने परावृत्त केले नसते, तर वैद्यकशास्त्राची हानी झाली असती. त्यांच्या लहरींच्या अनेक आख्यायिका आहेत. कादंबरी विकत घेतली की तिची पुठ्ठ्याची वेष्टणे काढून टाकायची, पुस्तकाचे फाडून दोन तुकडे करायचे आणि एकेक तुकडा कोटाच्या एकेका खिशात घालायचा, ही त्यांतली प्रसिद्ध आहे. ग्रंथालयाच्या चिटणीसांनी आमच्याकडे असे रागाने पाहू नये. आम्ही केवळ आख्यायिका सांगत आहोत.

जॅक्सन यांचे मोठेपण त्यांच्या पाहण्यात होते. त्या काळी फेफरे म्हणजे एकच वस्तू, माणूस पडला, तडफडला, फेस आला, संपले, अशी समजूत होती. जॅक्सन खाटेशेजारी बसून झटका कोठून सुरू होतो ते पाहात. काहींचा झटका अंगठ्यापासून सुरू होई, तेथून हात, मग चेहरा, मग पाय असा क्रमाने सरके, आणि सारा वेळ रोगी शुद्धीवर असे. त्यांनी यावरून अनुमान केले की, मेंदूच्या पृष्ठभागावर अवयवांची जणू जागावाटणी झालेली असावी, आणि झटका म्हणजे त्यातल्या एका जागी अकस्मात झालेला अतिरिक्त उद्रेक. तो शेजारच्या जागी पसरला की शेजारचा अवयव हलू लागतो. हातात यंत्र नाही, मेंदू उघडून पाहण्याची सोय नाही. केवळ अंगठ्यावरून मेंदूचा नकाशा! १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श व हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूस विजेचा स्पर्श करून, आणि १८७३ पासून इंग्लंडात डेव्हिड फेरियर यांनी माकडांवर प्रयोग करून हे अनुमान खरे ठरविले. आजही अशा झटक्यास जॅक्सन यांचेच नाव आहे.

आता जी गोष्ट सांगावयाची, ती सांगताना मन जड होते. एका बाजूस येणाऱ्या या झटक्यांवरचा जॅक्सन यांचा एक लेख १८६३ साली प्रसिद्ध झाला. १८६५ साली त्यांनी आपल्या नात्यातल्याच एलिझाबेथ यांच्याशी विवाह केला. पुढे एलिझाबेथ यांस मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा विकार जडला आणि त्यातून झटके येऊ लागले. आणि ते झटके त्याच जातीचे होते, ज्यांचे वर्णन पतीने विवाहापूर्वी लिहून ठेविले होते. रुग्णालयात दिवसभर जे पाहायचे तेच संध्याकाळी घरी. १८७६ साली त्या वारल्या. अपत्य नव्हते. जॅक्सन यांनी पुन्हा विवाह केला नाही. पस्तीस वर्षे एकटे राहून १९११ साली ते गेले. स्वतःच्या पत्नीच्या दुखण्याविषयी त्यांनी जाहीरपणे काही सांगितले नाही, परंतु ज्या विषयाने घर मोडले तो विषय त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

त्याच रुग्णालयात २५ मे १८८६ रोजी व्हिक्टर हॉर्स्ली या शल्यविशारदाने बावीस वर्षांच्या एका स्कॉटिश तरुणाची कवटी उघडली. लहानपणी गाडीच्या अपघातात त्याच्या डोक्याचे हाड खचले होते व झटके सुरू झाले होते. ते कोठून सुरू होतात यावरून जागा ठरविली गेली. मेंदूवरील व्रण काढला गेला आणि तरुण सुधारला. जॅक्सन आणि फेरियर दोघेही तेथे उपस्थित होते.

तेथलेच विल्यम गॉवर्स यांनी १८८१ साली अपस्मारावर मोठा ग्रंथ लिहिला. तो त्यांनी स्वतः तपासलेल्या १४५० रोग्यांवर आधारलेला होता. एवढ्या रोग्यांच्या नोंदी कशा ठेविल्या? लघुलिपीत. गॉवर्स यांस लघुलिपीचे वेडच होते. प्रत्येक वैद्याने ती शिकलीच पाहिजे असा त्यांचा आग्रह असे, आणि त्यासाठी १८९४ साली त्यांनी वैद्यांची एक संस्थाच काढली. आपल्यातल्या ज्या तरुण डॉक्टरांचे अक्षर औषधाच्या दुकानदारासही लागत नाही, त्यांनी यातून काय घ्यायचे ते घ्यावे.

औषधांचा इतिहास थोडक्यात उरकतो. पहिले खरे उपयोगी औषध ब्रोमाइड; ते १८५७ साली सर चार्ल्स लोकॉक यांनी सुचविले. फेफरे वासनेच्या आधिक्याने येते आणि ब्रोमाइडने वासना शमते, अशी त्यांची विचारसरणी होती. कारण सर्वस्वी चुकीचे, औषध मात्र लागू पडले! १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण वैद्याने फिनोबार्बिटोन वापरून पाहिले. वडील मंडळींना ते ‘गार्डिनाल’ या नावाने ठाऊक असेल. ते इतके स्वस्त आहे की शंभर वर्षांनंतरही गरीब देशांत लाखो रोगी त्याच्यावरच उभे आहेत. १९३८ साली बॉस्टनमध्ये मेरिट व पटनम यांनी फेनिटॉइन आणले. झटके थांबविण्यासाठी रोग्यास गुंगीत ठेवण्याची गरज नाही, हे त्यामुळे दिसून आले. त्यानंतर पुष्कळ औषधे निघाली. त्यांची नावे येथे देत नाही. ती आपापल्या डॉक्टरांनी द्यावयाची.

आता जर्मनीतल्या येना या गावाकडे वळू. तेथे हान्स बर्गर नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. विसाच्या सुमारास सैन्यात असताना ते घोड्यावरून पडले आणि तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचले. त्याच संध्याकाळी वडिलांची तार आली: सर्व कुशल ना? दूर घरी असलेल्या बहिणीस अकस्मात भाऊ संकटात असल्याचे वाटले, म्हणून तिने ती तार करविली होती. मनातील विचार दूरवर पोहोचविणारी काही शक्ती मेंदूत असली पाहिजे, या कल्पनेने बर्गर झपाटले आणि ती मोजण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. ती शक्ती सापडली नाही. परंतु ६ जुलै १९२४ रोजी सतरा वर्षांच्या एका मुलाच्या डोक्यावरून त्यांनी मेंदूतील विजेच्या लहरी प्रथम टिपल्या. पाच वर्षे ते स्वतःवरच शंका घेत बसले. पहिला लेख प्रसिद्ध झाला तो १९२९ साली. प्रारंभी फारसा कोणी विश्वास ठेविला नाही. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनी तेच पडताळून दाखविले तेव्हा जगाने मान डोलविली, आणि पुढच्याच वर्षी बॉस्टनमध्ये गिब्ज, डेव्हिस व लेनॉक्स यांनी लहान मुलांच्या अपस्मारातल्या विशिष्ट लहरी ओळखल्या. आज ज्यास आपण ईईजी म्हणतो ते हेच. ज्यास भूतबाधा म्हटले जाई, ते आता कागदावर रेघांनी उमटू लागले.

बर्गर यांची कथा एवढ्यावर थांबली असती तर बरे झाले असते. १९३३ साली जर्मनीत नाझी सरकारने आनुवंशिक रोग असलेल्यांना सक्तीने वंध्य करण्याचा कायदा केला. त्या कायद्यातील रोगांच्या यादीत आनुवंशिक अपस्मार नावानिशी होता. एकूण सुमारे चार लाख स्त्री-पुरुषांवर ही सक्ती झाली. कोणास वंध्य करावे याचा निवाडा करणारी खास न्यायालये होती, आणि येनाच्या अशा न्यायालयावर बर्गर हे सभासद होते. ज्या हातांनी या रोगाची खूण विजेत पकडली, तेच हात त्या कागदांवर सह्या करीत होते. १ जून १९४१ रोजी त्यांनी स्वतःच्या हाताने जीवनाचा शेवट केला. मन खचलेले होते. उलटपक्षी ज्यांनी गार्डिनाल दिले ते हाउप्टमान ज्यू. त्यांची प्राध्यापकी १९३५ साली हिरावली गेली, देश सोडावा लागला आणि १९४८ साली ते बॉस्टनमध्ये वारले. विद्वत्ता आणि विवेक एकाच घरी नांदतातच असे नाही, हे आम्हांस या दोघांची चरित्रे शेजारी ठेविली की विशेष जाणवते.

यानंतर कॅनडातील वाइल्डर पेनफील्ड. १९३४ साली माँट्रियल येथे त्यांनी मज्जारोगांची संस्था उभारली. ते रोग्यास जागे ठेवून, केवळ टाळू बधिर करून शस्त्रक्रिया करीत. विजेच्या हलक्या स्पर्शाने मेंदूची एकेक जागा तपासीत आणि रोगी काय वाटते ते स्वमुखाने सांगे. कोणास बोट हलल्याचे जाणवे, कोणास जुने गाणे ऐकू येई. या पेनफील्डांची सख्खी बहीण रूथ. तिला पुष्कळ वर्षे झटके येत. १९२८ च्या डिसेंबरात तपासणीअंती मेंदूच्या पुढील भागात मोठी गाठ असल्याचे निघाले आणि भावानेच शस्त्रक्रिया केली. गाठ सगळी निघाली नाही. रूथ घरी परतली, सहा मुलांचा संसार पुन्हा हाती घेतला. वर्षा-सव्वा वर्षाने भाऊ तिच्याकडे गेला, तेव्हा तिने एक पाहुणा आणि घरचे चौघे यांच्यासाठी स्वयंपाक योजिला. तासाभराने भाऊ स्वयंपाकघरात डोकावतो तो सामग्री सगळी मांडलेली, एकदोन पदार्थ झालेले, आणि बहीण पुढे काय करावे ते न सुचून गोंधळून उभी. बोलणे शहाणे, स्मरण ठीक. केवळ योजनेची शक्ती उणावलेली. मेंदूचा पुढचा भाग काय काम करतो, याविषयी पेनफील्डांनी पुढे लिहिले त्यात हा प्रसंग आहे. १९३१ साली रूथ गेली. स्वयंपाकघराच्या दारातून मिळालेले हे ज्ञान शास्त्राच्या ग्रंथात मानाने बसले आहे. आणि बहिणीचे दुखणे जगापुढे मांडताना पेनफील्डांस कमीपणा वाटला नाही.

पेनफील्डांच्या हाताखाली शिकलेले डॉ. जेकब चँडी हे केरळातील कोट्टयमचे. त्यांनी १९४९ साली वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा भारतातला पहिला विभाग उघडला आणि १९५२ साली अपस्मारावरील शस्त्रक्रियाही केली. १९५१ साली ते, मद्रासचे डॉ. राममूर्ती व डॉ. नरसिंहन् आणि डॉ. बलदेव सिंग अशा चौघांनी मिळून न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. एवढ्या मोठ्या देशात आरंभी चार माणसे!

वेल्लूरचीच आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी ऐकण्यासारखी आहे. आपल्याकडे झटके येणाऱ्या पुष्कळ तरुणांच्या मेंदूच्या चित्रात एक लहानसा ठिपका दिसे. तो क्षयाचा समजून वर्ष-दोन वर्षे क्षयाची औषधे दिली जात. १९९० च्या सुमारास डॉ. वेदांतम् राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे ठिपके काढून तपासले, तो बहुतेक ठिकाणी पट्टकृमीची अळी निघाली. आणि ती पुष्कळदा आपोआप विरून जाते. हा कृमी मूळचा डुकराच्या मांसातला. ‘आम्ही तर शुद्ध शाकाहारी’ असे म्हणून मंडळी निश्चिंत होतात. तसे होता येत नाही. ज्याच्या पोटात हा कृमी आहे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, ती न धुतलेल्या पालेभाजीतून वा अस्वच्छ हातांतून कोणाच्याही पोटात जातात. सोवळ्याचा येथे उपयोग नाही, साबणाचा आहे.

मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात मज्जारोगांचा विभाग ज्यांनी नावारूपास आणला ते डॉ. एडी भरूचा. आज आम्ही या विषयाकडे वळलो ते प्रामुख्याने ज्या कामामुळे, त्यात ते स्वतः होते आणि प्रमुख होते डॉ. नादिर भरूचा. या मंडळींनी मुंबईतल्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन सुमारे चौदा हजार माणसांची पाहणी केली आणि अपस्माराचे प्रमाण मोजले. ते १९८८ साली प्रसिद्ध झाले: दर हजारी चार ते पाच माणसांस केव्हा ना केव्हा हा रोग झालेला. पारशी समाज लहान, लग्नाच्या बाबतीत आपल्याइतकाच चोखंदळ. तरी त्याने दारे उघडली, खरे सांगितले, आणि स्वतःच्या समाजाचा आकडा जगापुढे ठेवू दिला.

आता आपला हिशोब करू. आपल्या ज्ञातीतली समजा पाच हजार माणसे घेतली, तर त्याच प्रमाणाने वीस-पंचवीस जणांस हा रोग असला पाहिजे. ते कोठे आहेत? वधूवर सूचक मंडळाच्या नोंदवहीत गोत्र आहे, रास आहे, नाडी आहे, उंची आहे, पगार आहे. ही वीस-पंचवीस माणसे त्यात कोठेही नाहीत. म्हणजे ती आहेत, पण लपलेली आहेत.

ती का लपली, त्यास कायद्याचाही हातभार लागला होता. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती होऊन, वेडाचे वा अपस्माराचे झटके वारंवार येत असतील तर ती व्यक्ती विवाहास अपात्र, असे कलम आले. इंग्लंडच्या १९३७ च्या कायद्यात अशाच अर्थाचे शब्द होते. ते तेथे १९७० च्या सुमारास गाळले गेले आणि आपण त्यानंतर घेतले! अपस्मारी मनुष्याची जागा वेड्याशेजारी, असे कायद्यानेच सांगितले. मज्जारोगतज्ज्ञांनी आणि रोग्यांच्या संघटनांनी पाठपुरावा केला आणि १९९९ साली अपस्मार हा शब्द त्या कलमातून निघाला. तेव्हापासून केवळ हा रोग आहे म्हणून विवाह रद्द ठरत नाही. फसवणुकीचे कलम मात्र कायम आहे, आणि लपवाछपवीची प्रकरणे त्याखाली न्यायालयात जातात, हे वधूवरांच्या पालकांनी विसरू नये.

लपविण्याने काय होते, ते आमच्या व्यवसायात आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. मुलगी तीन वर्षे गोळ्यांवर ठणठणीत असते. साखरपुडा होतो. सासरी कोणास दिसू नयेत म्हणून गोळ्या माहेरीच राहतात, आणि गोळ्या एकदम थांबल्या की झटका उलट अधिक जोराने येतो. लग्नानंतरचे जागरण त्यात भर घालते. मग जे दहा मिनिटांच्या शांत बोलण्याने निभावले असते, ते साऱ्या सासरदेखत घडते. याहून गंभीर गोष्ट अशी की, यांतली काही औषधे गर्भास अपायकारक आहेत. ती दिवस जाण्याआधीच बदलावी लागतात. ज्या नवऱ्यास ठाऊकच नाही, ज्या सासूस ठाऊकच नाही, त्यांच्या घरात हे कसे साधावे? आणि मुलगेही लपविले जातात, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यांची चर्चा कमी होते एवढेच. योग्य औषधाने दहांतल्या सुमारे सात रोग्यांचे झटके थांबतात, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निर्वाळा आहे. आईला वा बापाला हा रोग असला तरी बहुतेक मुलांस तो होत नाही.

झटका आला असता काय करावे, तेही सांगून ठेवतो. रोग्यास कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, डोक्याखाली मऊ काही द्यावे आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. पाच मिनिटांत थांबले नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरा झटका आला, तर लागलीच रुग्णालयात न्यावे. कांदा भाजीस राखून ठेवावा.

वधूवर सूचक मंडळाच्या अर्जात आजारासाठी एक रकाना वाढवावा, अशी सूचना काहींनी केली आहे. आम्हांस ती पसंत नाही. रकाना छापला की सगळे त्यात ‘नाही’ लिहितील आणि नोंदवही पूर्वीइतकीच खोटी राहील. शिवाय एखाद्याचे दुखणे शंभर घरांत फिरविण्याचा मंडळास अधिकार नाही. त्याऐवजी अर्जाच्या मागील बाजूस चार ओळी छापाव्यात: पत्रिका जुळल्यावर आणि साखरपुड्याआधी दोन्ही घरच्यांनी एकमेकांस प्रकृतीविषयी खाजगीत सांगावे, आणि दुखणे असल्यास मुलाने व मुलीने मिळून डॉक्टरांस भेटावे. अशा भेटीसाठी ज्ञातीतले दोन डॉक्टर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी कार्यालयात विनामूल्य बसण्यास सिद्ध आहेत. मसुदा चिटणीसांकडे दिला आहे. तो पुढील सभेच्या कामकाजात घ्यावा, अशी विनंती करून अध्यक्ष महाराजांची रजा घेतो.